बेटावरची शाळा

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. सबमिशनचे दिवस, रात्रीचे साडेदहा, आणि आमच्या रूममध्ये नेहमीप्रमाणे फाइल सोडून बाकी सगळं चालू. माझ्या रूममेटची मावसबहीण फोनवर होती. तिचा नवरा अमेरिकेच्या नौदलात, पोस्टिंग हवाई बेटांवर. फोन स्पीकरवर असल्यामुळे आम्ही सगळ्याच ऐकत होतो. ती सांगत होती की इथे दूध, भाजी, ब्रेड सगळं महाग, कारण बहुतेक माल जहाजाने येतो. घरभाड्याचं तर विचारूच नका. सरकार महागाईचा वेगळा भत्ता देतं तरी पुरत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, म्हणून ती मुलांना शाळेतच घालत नाही, घरीच शिकवते. तिथल्या शाळेच्या प्रिन्सिपलला तसं लेखी कळवायचं आणि वर्षाच्या शेवटी मुलांची प्रगती दाखवायची, बस्स. सकाळी गणित, दुपारी समुद्र.

फोन ठेवल्याबरोबर रूममध्ये एकच आवाज. "काय लाइफ आहे यार!"

मी सहज बोलून गेले, "मी पण राहिली आहे बेटावर. माझे बाबा पण वर्दीत. आणि मला पण आईनेच शिकवलं घरी."

"कुठे? अंदमानला?"

"भामरागडला."

मग जे हसणं सुरू झालं, ते शेजारच्या रूममधून दार वाजेपर्यंत थांबलं नाही. पण मी थट्टा करत नव्हते. त्या रात्री जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. संपादक मंडळाने मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा आधी नाहीच म्हटलं होतं, कारण मी कॉन्व्हेंटची आणि माझं मराठी म्हणजे आनंदीआनंद. पण आता जे काही मराठी येतं ते त्याच बेटावर शिकले, म्हणून हा लेख मराठीतच व्हायला हवा.

आधी बेटाबद्दल. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या पार दक्षिण-पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या सीमेवर भामरागड तालुका आहे. आलापल्लीहून पेरमिली, ताडगाव करत साठ-पासष्ट किलोमीटर जंगलातून गेलं की हेमलकसा लागतं. तिथून पुढे पर्लकोटा नदीचा पूल ओलांडला की भामरागड. गावाजवळच पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. उन्हाळ्यात बघाल तर वाळूचं सुंदर पात्र. पावसाळ्यात मात्र इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकायला जागाच उरत नाही, ते मागे दाबलं जातं. सिव्हिलवाल्यांना बॅकवॉटर कर्व्ह सांगायची गरज नाही. तेव्हाचा पूल ठेंगणा होता. नदी बघता बघता पुलावर यायची, मग बाजारात, मग कधी कधी दुकानांच्या शटरपर्यंत. २०१९ च्या पावसाळ्यात गावाचा संपर्क कितीतरी वेळा तुटला. चारही बाजूंनी पाणी आणि मध्ये गाव. भूगोलाच्या पुस्तकातल्या बेटाच्या व्याख्येत यापेक्षा वेगळं काय लिहिलं आहे?

बेट महागही होतं. पूल बंद झाला की आधी टोमॅटो गायब, मग कोथिंबीर, मग अंडी. चंद्रपूरला पाच रुपयांना मिळणारं अंडं तिथे पावसात दहाला मिळालं तरी आई आनंदाने आणायची. बटाटा, कांदा, डाळ, साबण, मेणबत्त्या जूनमध्येच भरून ठेवायच्या. गॅस सिलिंडर संपायची तारीख आमच्या घरी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेली असायची. औषधांचंही तसंच. फरक एवढाच, की हवाईला जहाज येतं हे नक्की असतं.

माझे बाबा पोलिसांच्या बिनतारी विभागात आहेत. म्हणजे हातात बंदुकीपेक्षा मायक्रोफोन जास्त वेळ. आम्ही मात्र भामरागडचे नव्हतोच. बाबांची बदली कुठेही होवो, आई, मी आणि धाकटा भाऊ चंद्रपूरला भाड्याच्या घरात. कारण एकच, "मुलांचं शिक्षण". गडचिरोलीत नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घराची हीच व्यवस्था असते. बाप तिकडे, बाकी घर गडचिरोलीला, चंद्रपूरला किंवा नागपूरला. सरकारलाही हे माहीत आहे. नक्षलग्रस्त भागातल्या पोलिसांना दीडपट पगार मिळतो, आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी २००२ पासून एकस्तर वेतनश्रेणीचा निर्णय आहे. म्हणजे एका माणसाची दोन घरं चालावीत याची सोय केली आहे. एका घरात राहता यावं याची नाही.

मग २०२० उजाडलं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मी दहावीत जाणार होते, भाऊ चौथीत. शाळेने कळवलं की वर्ग ऑनलाइन होतील. बाबांना काही महिने सुट्टी मिळण्याची शक्यता नव्हती. एका रात्री आई म्हणाली, "शाळा फोनवरच आहे तर फोन कुठेही नेता येतो. मग आपण इथे एकट्याने काऊन राहायचं?" जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आत, पास काढून आम्ही निघालो. पंधरा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा आम्ही चौघं सुट्टी नसताना एका छताखाली राहणार होतो.

पेरमिली मागे पडली आणि फोनच्या काड्याही मागे पडल्या.

भामरागडला नेटवर्क यायचं, नाही असं नाही. पण मन मानेल तेव्हा, आणि एका विशिष्ट कोपऱ्यात उभं राहिलं तरच. तिथे छत्री धरून मी दोन दिवस भूमितीचा वर्ग केला. मॅडमचा चेहरा गोठलेला, आवाज तुटक, आणि फळ्यावर काय चाललं आहे ते देवालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी आईने फोन बंद केला, स्वयंपाकघरातली पाट-पोळपाटाची जागा रिकामी केली, आणि म्हणाली, "बसा." आई बी.एस्सी. आहे, गणित विषय. चंद्रपूरला ती घरी ट्यूशन घ्यायची, ते सोडून आली होती. आमची घरशाळा अशी सुरू झाली. कुठलं तत्त्वज्ञान नाही, आवड नाही, सरळ सरळ नाइलाज.

वर्दीच्या घराचे काही नियम असतात, ते त्या शाळेचेही नियम झाले. वर्दी बाहेरच्या दोरीवर वाळत घालायची नाही. बाजारात कोणी विचारलं की वडील काय करतात, तर "सरकारी नोकरीत" एवढंच सांगायचं. बाबा कधी, कुठे, कोणत्या गाडीने जाणार हे विचारायचं नाही, आणि कळलं तर बोलायचं नाही. घराला बाबांच्या ड्युटीप्रमाणे झोप यायची आणि जाग यायची. ते रात्रपाळी करून झोपलेले असले की पाढे कुजबुजत म्हणायचे. भावाने एबीसीडीच्या ऐवजी अल्फा, ब्राव्हो, चार्ली पाठ केलं. मोबाइल बंद पडला तरी वायरलेस चालू राहतो हे मला तेव्हा जादूसारखं वाटलं. आज मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे त्याचं कारण कोणी विचारलं तर खरं उत्तर तिथे आहे.

माझी इंग्रजी पुस्तकं अर्धीच सोबत आणली होती. बाकीची शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी दिली, बालभारतीची, मराठी माध्यमाची. हायपोटेन्यूजला कर्ण म्हणतात हे मला पंधराव्या वर्षी कळलं. रेडियस म्हणजे त्रिज्या, कॉर्ड म्हणजे जीवा. सुरुवातीला मी रडले. नंतर मजा वाटायला लागली. एकच गोष्ट दोन भाषांत समजली की ती खरंच समजली आहे की नुसती पाठ आहे, हे लगेच उघडं पडतं. ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आईने ग्राफ पेपर काढला. बाबा ड्युटीवरून आले की नदी पुलापासून किती वर आहे ते सांगायचे, मी वेळ आणि पातळी मांडायची. तीन दिवसांचा वक्र काढून झाल्यावर आई म्हणाली, आता सांग, भाजीची गाडी कधी येईल? मी सांगितलं. एक दिवस चुकले. इंटरपोलेशन आणि एक्स्ट्रापोलेशनमधला फरक मला इथे सेकंड इयरला कोणी शिकवावा लागला नाही.

इथपर्यंत वाचून घरशाळेची जाहिरात चालली आहे असं वाटेल. थोडी आहेही. घरी शिकलेली मुलं मागे पडतात हा समज चुकीचा आहे. मुंबईची मालविका राज जोशी शाळा सोडून घरीच शिकली, आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये एमआयटीत गेली. आपल्या आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण बारावीचं सर्टिफिकेट नाही. आपल्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात घरशाळेचा उल्लेखच नाही. एनआयओएससारखी मुक्त शाळेची वाट आहे, तिथून दहावी-बारावी देता येते. ज्या घरात वेळ आहे, पुस्तकं आहेत आणि शिकवू शकणारं माणूस आहे, त्या घराने ती वाट धरली तर माझा विरोध नाही.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

आमची शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. भाऊ दारात गोट्या खेळायचा, तिथे आजूबाजूची मुलं यायची. बहुतेक माडिया. आश्रमशाळा बंद पडल्यामुळे सगळी घरी परतली होती. त्यांच्यासाठीही कागदावर ऑनलाइन शिक्षण सुरूच होतं. पण फोन कुणाकडे? नेटवर्क कुठे? एके दिवशी दोन मुलं उंबऱ्यात येऊन बसली. आईने काही न बोलता चटई बाहेरपर्यंत सरकवली. दुसऱ्या दिवशी चार आली. दिवाळीपर्यंत अकरा. आईला माडिया येत नव्हती, लहान मुलांना मराठी जेमतेम. मध्ये दुभाषा म्हणून माझा नऊ वर्षांचा भाऊ. तो महिन्या-दोन महिन्यांत त्यांच्याशी असा बोलायला लागला की घरात आम्हीच परके.

त्यांच्यात माझ्याच वयाची एक मुलगी होती, तीही दहावीतली. तिच्याकडे मराठी माध्यमाची सगळी पुस्तकं होती, माझ्याकडे नव्हती. मला बीजगणित यायचं, तिला शिकायचं होतं. आम्ही सौदा केला. ती मला शब्द द्यायची, मी तिला गणितं. खरं सांगते, चंद्रपूरच्या वर्गात माझ्या बेंचवर बसणाऱ्या कुठल्याही मुलीपेक्षा ती गणितात वेगवान होती. तिला फक्त कोणी रोज शेजारी बसून शिकवलं नव्हतं. आमच्या घरशाळेला "शाळा" हा शब्द त्या दिवसांपासून शोभायला लागला. त्याआधी ते फक्त घर होतं.

आणि हे सगळं कुणाच्या जिवावर? आईच्या. सकाळी पाणी भरणं, डबा, बाबांची वर्दी, मग आमचा वर्ग, मग त्या मुलांचा, संध्याकाळी परत चूल. एकदा ती थकून म्हणाली होती, "नोकरी तुझ्या बाबांची आणि ड्युटी माझी." तेव्हा मी हसले होते. आता नाही हसत. दीडपट पगारात तिचा एक रुपया नव्हता. घरशाळेचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने आधी विचारावं की त्या शाळेत मास्तर कोण आहे आणि तिने त्यासाठी काय सोडलं आहे. उत्तर जवळजवळ नेहमी स्त्रीलिंगी असतं. हवाईलाही तेच दिसलं.

२०२१ च्या फेब्रुवारीत आम्ही परत चंद्रपूरला आलो, बोर्डाच्या तयारीसाठी. एप्रिलमध्ये बोर्डाची परीक्षाच रद्द झाली! नववीचे मार्क आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन धरून निकाल लागला. मी पास, तीही पास. फरक त्यानंतर पडला. मला चंद्रपूर होतं, ज्युनिअर कॉलेज, क्लास, लायब्ररी, सीईटीची पुस्तकं. तिला काय होतं ते तुम्हीच समजून घ्या. आम्ही निघालो त्यानंतरही काही दिवस ती लहान मुलं दुपारी आमच्या पायरीवर येऊन बसायची, असं बाबांनी फोनवर सांगितलं. त्यांना वाटत होतं बाई गावाला गेल्यात, परत येतील. बाबांनी कुलूप उघडून त्यांना थोडे दिवस अल्फा, ब्राव्हो शिकवलं, मग त्यांचीही ड्युटी बदलली. आम्ही निघालो आणि आमच्यासोबत शाळाही निघाली.

हे वाक्य मला गेली काही वर्षं सोडत नाही. कारण हे फक्त आमच्या घरापुरतं नाही. तालुक्याच्या ठिकाणी पोलीस आहेत, तहसीलचे लोक आहेत, वनखात्याचे, बँकेचे, दवाखान्याचे, शाळांचे शिक्षक आहेत. शिकलेली माणसं आहेत. पण त्यांची मुलं तिथे नाहीत. ज्या शाळेत तहसीलदाराचं, ठाणेदाराचं, डॉक्टरचं आणि खुद्द मास्तरांचंच पोर नाही, त्या शाळेत शिक्षक वेळेवर आला की नाही हे विचारणार कोण? छत गळतं म्हणून फोन कोण फिरवणार? ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांचा आवाज कुणी ऐकत नाही, आणि ज्यांचा आवाज ऐकला जातो त्यांची मुलं चंद्रपूरला कॉन्व्हेंटमध्ये. त्यातलीच एक मी.

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे, कारण तो आमच्याच घरात होता. जिवाचं काय? १ मे २०१९ ला जांभूळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्या रात्री आमच्या चंद्रपूरच्या घरात कोणी जेवलं नाही. अशा ठिकाणी बायकामुलं न्या असं सांगणारी मी कोण? बरोबर आहे. पण परिस्थिती तीच राहिलेली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली. उद्या भीतीचं कारण आणखी कमी होईल. तेव्हाही आपण "मुलांचं शिक्षण" म्हणून दोन घरं चालवत राहणार का? आणि मुख्य म्हणजे, ज्या गावात आपल्या मुलांना ठेवणं धोक्याचं, त्याच गावात शेकडो मुलं जन्मापासून राहतात. ती काय वेगळ्या मातीची आहेत?

दुसरा आक्षेप, असं कुठे होतं का? होतं. भामरागडच्या पुलाच्या अलीकडेच झालं आहे. बाबा आमटेंनी १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, १९७६ मध्ये तिथे शाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी स्वतःच्या मुलांना नागपूरला पाठवलं नाही, माडिया मुलांसोबत त्याच शाळेत बसवलं. त्यांच्यातला एक डॉक्टर होऊन तिथेच परतला, आणि त्या शाळेतून माडिया मुलंही डॉक्टर, वकील झाली. चांगल्या शाळेसाठी मुलं बाहेर पाठवण्याऐवजी मुलं ठेवली आणि शाळा चांगली केली. त्यांची माणसं मोठी होती हे खरं. पण ही युक्ती फक्त मोठ्या माणसांनीच वापरावी असं कुठे लिहिलं आहे?

आणि सरकारला हे जमत नाही असंही नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच भद्रावतीजवळ चांदा आयुध निर्माणी आहे. तिथे देशभरातून माणसं आणून ठेवायची होती, तर सरकारने वसाहत बांधली, दवाखाना दिला आणि केंद्रीय विद्यालय दिलं. मुळात केंद्रीय विद्यालयांची योजनाच १९६३ मध्ये बदलीच्या नोकरीतल्या, विशेषतः सैन्यातल्या, लोकांच्या मुलांसाठी आली. म्हणजे कुटुंब सोबत राहायला हवं असं जिथे मनापासून वाटतं, तिथे शाळा आधी येते. एटापल्ली, भामरागड, सिरोंचाच्या पोलिसाला आपण पैसे देऊन मोकळे होतो.

मग सक्ती करायची का? १८ ऑगस्ट २०१५ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांची मुलं सरकारी प्राथमिक शाळेतच शिकली पाहिजेत असा आदेश दिला होता. तो कागदावरच राहिला. मला सक्ती नको आहे. माझ्या आईवर कोणी सक्ती केली असती तर मीच भांडले असते. माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक दुर्गम तालुक्याच्या गावी एक तरी अशी शाळा असावी जिथे पाठवताना ठाणेदारालाही विचार करावा लागणार नाही, आणि जिच्यात त्याच बाकावर गावातली माडिया मुलं असतील. वेगळी "साहेबांच्या पोरांची" शाळा नको, नाहीतर पुन्हा बेटावर बेट. आणि माझ्या आईसारख्या शिकलेल्या बायका वर्दीवाल्यांसोबत तिथे राहायला तयार असतील, तर त्यांना त्या शाळेत पगारी काम द्या. फुकट चटई सरकवण्यावर किती दिवस चालणार?

कोणी म्हणेल, तू स्वतः काय करणार? हा प्रश्न योग्य आहे. प्लेसमेंटच्या फॉर्मवर "पसंतीचं ठिकाण" असा रकाना असतो. आपण सगळे तिथे पुणे, हैदराबाद, बंगलोर लिहितो, मीही लिहिणार. भामरागडला कुठली कंपनी येणार आहे! पण आपल्यातले निम्मे स्पर्धा परीक्षा देणार आहेत, हे हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये कुणीही बघू शकतं. त्यातले काही उद्या इंजिनिअर म्हणून, अधिकारी म्हणून याच दोन जिल्ह्यांत येतील. येताना घर कुठे ठेवायचं याचा विचार करतील. त्या दिवशी हा लेख आठवला तरी खूप झालं.

तोपर्यंत एक छोटी गोष्ट करता येईल. आपलं एनएसएसचं शिबिर दरवर्षी सात दिवस होतं. आपण रस्ता झाडतो, पथनाट्य करतो, फोटो काढतो, परत येतो. त्याऐवजी एकाच आश्रमशाळेला धरून, वर्षभर, पाळीपाळीने, दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवता येणार नाही का? सर आणि मॅडम हे वाचत असतील तर त्यांनाही विचारते. पाळी माझी आधी लावा.

रूममेटने परवा पुन्हा बहिणीला फोन लावला होता. मी मध्येच विचारलं, "ताई, तुमच्या शेजारच्या स्थानिक मुलांना येऊ देता का हो तुमच्या वर्गात?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असं कधी सुचलंच नाही गं."

आम्हालाही सुचलं नव्हतं. ती दोन मुलं उंबऱ्यात येऊन बसली, म्हणून सुचलं. पटलं तर बघा. नाही पटलं तर मेसमध्ये भांडायला मी आहेच.